रोज उकळूनही दुधाच्या बाटलीला वास येतोय? क्रमाने हे तपासा

"काकू, रोज वीस मिनिटं उकळते, तरी वास येतोच."

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मी चौदा वर्षं पाळणाघर चालवते. एका वेळी सात-आठ बाळं असतात, त्यातली तीन-चार बाटलीवरची. वरचं वाक्य दर काही महिन्यांनी एखाद्या नव्या आईकडून ऐकायला मिळतं. वास जात नाही म्हणून ती उकळण्याचा वेळ वाढवत जाते, दहाची वीस मिनिटं, विसाची तीस. मग निपल चिकट होतं, बाटली पांढुरकी पडते आणि वास असतो तिथेच असतो. कारण बहुतेक घरांत चूक उकळण्यात नसते, त्याच्या आधी होऊन गेलेली असते. उकळल्याने जंतू मरतात, पण बाटलीला चिकटलेलं दूध निघत नाही. उलट ते शिजून आणखी घट्ट बसतं.

आधी लक्षणं बघा. सगळ्या बाटल्यांचं दुखणं एकच नसतं.

• आंबूस वास. बाटली कोरडी असताना कमी, गरम पाणी ओतलं की जास्त. कुठेतरी दुधाचा थर राहिला आहे.

• कुबट वास, ओल्या फडक्यासारखा. बाटली वाळत नाहीये. जून ते सप्टेंबर हीच तक्रार सर्वात जास्त येते.

• आतून ओशट. बोट फिरवलं की घसरतं. दुधातला स्निग्धांश राहिला आहे.

• पांढरा, हाताला खरखरीत लागणारा थर. पाण्यातले क्षार.

• निपल चिकट, फुगलेलं किंवा भेगा पडलेलं. त्याचं आयुष्य संपलं.

• रिंगच्या आट्यांत किंवा व्हॉल्व्हमध्ये काळे ठिपके, वाळत घालायच्या जाळीवर गुलाबीसर बुळबुळीत थर. ओलाव्यात वाढलेली बुरशी आणि जंतू.

• साबणाचा किंवा अत्तरासारखा वास, आणि बाळ पहिल्याच घोटाला तोंड फिरवतं. साबण नीट निघालेला नाही.

एक लक्षण मात्र फसवं असतं. अंगावरचं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला साबणासारखा किंवा धातूसारखा वास आला, तर आई बाटलीला दोष देते. आईच्या दुधात लायपेज नावाचं एक विकर असतं. ते दूध साठवलेलं असतानाही स्निग्धांश फोडत राहतं, त्याचा हा वास. दूध खराब झालेलं नसतं, बरीच बाळं ते पितातही. ओळखायचं सोपं आहे. त्याच बाटलीत ताजं काढलेलं दूध घालून बघा. त्याला वास नसेल तर बाटली निर्दोष आहे, तिला घासत बसू नका.

आता तपासण्या. पहिल्या फुकटातल्या आहेत.

वास नेमका कुठून येतोय?

धुऊन, उकळून ठेवलेली बाटली घ्या आणि सगळे भाग सुटे करा: बाटली, रिंग, निपल, झाकण, आणि असेल तर पोटात वारा जाऊ नये म्हणून बसवलेला छोटा व्हॉल्व्ह. प्रत्येक भाग वेगळ्या स्टीलच्या वाटीत ठेवा, वर कडकडीत पाणी ओता, ताटली झाका. मिनिटभराने एकेक ताटली उचलून वास घ्या. दडून बसलेला वास वाफेबरोबर वर येतो.

मी ही परीक्षा आईसमोरच करते, कारण उत्तर ऐकून तिला पटत नाही. तिने सगळा जोर बाटलीच्या पोटात ब्रश फिरवण्यावर लावलेला असतो, आणि वास बहुतेक वेळा येतो तो रिंग किंवा व्हॉल्व्हमधून. रिंगच्या आतल्या आट्यांत आणि निपल जिथे रिंगला बसतं त्या खोबणीत दूध झिरपतं. निपल रिंगमध्ये अडकवलेलं असतानाच बाटली धुतली, उकळली, तर तिथे ना साबण पोचतो ना ब्रश. एका आईला आठ महिने आपल्या बाटलीतला व्हॉल्व्ह सुटा होतो हेच ठाऊक नव्हतं. खोका फेकून दिला होता, त्यातला कागदही. तो व्हॉल्व्ह आम्ही चिमट्याने काढला तेव्हा मागच्या बाजूला पनीरसारखा गोळा होता. ती रडायलाच लागली. तिची चूक नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून नवी बाटली आणलीत की रिकाम्या बाटलीचा एकेक भाग काढून परत जोडून बघा, आणि घरात जो जो बाटली धुतो त्या प्रत्येकाला दाखवा. आजीला, बाबाला, कामाच्या ताईंना, सगळ्यांना.

ब्रेस्ट पंप वापरत असाल तर त्याचा पांढरा पातळ पडदाही असाच सुटा होतो आणि असाच विसरला जातो. पंपाच्या नळीत दूध किंवा काळपट डाग दिसला तर नळी धुण्याच्या भानगडीत पडू नका, नवी घ्या.

दूध पिऊन झाल्यावर बाटली किती वेळ तशीच पडते?

घरात विरजण लावता ना? लिटरभर दुधाला चमचाभर ताक पुरतं. न विसळलेल्या बाटलीच्या तळाशी राहिलेलं चमचाभर दूध मुंबईच्या उकाड्यात दोन-तीन तासांत विरजणाचंच काम करतं. सकाळी सातला पाजलेली बाटली आई घाईत तशीच पिशवीत टाकते, बाळ माझ्याकडे सोडते, कांजूरमार्गची गाडी पकडते. संध्याकाळी साडेसातला घरी गेल्यावर ती बाटली धुतली जाते. साडेबारा तास. तोवर आतलं दूध वाळून काचेला लावलेल्या खळीसारखं झालेलं असतं.

उपाय एवढाच की पाजून झाल्याबरोबर बाटली उघडायची, साध्या पाण्याने दोनदा खळखळवून ओतायची आणि सुटी ठेवायची. साबण नंतर लावला तरी चालतो, विसळणं मात्र तेव्हाच. प्रवासात पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या ज्या आयांनी एवढी एकच सवय बदलली, त्यांतल्या निम्म्याअधिक जणींना पुढच्या तपासण्यांची गरज पडली नाही.

याच सवयीला जोडून एक गोष्ट. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरात संपलं नाही तर ओतून द्या. जीव तुटतो, पावडरचा डबा महाग आहे, हे मला माहीत आहे. पण बाळाची लाळ त्यात गेलेली असते आणि जंतू तिथून वाढतात. उरलेल्या दुधावर नवं दूध ओतायचं तर अजिबात नाही.

आधी गार पाणी की गरम?

माझ्या अनुभवात खरा घोळ इथे आहे. बाळाची बाटली म्हटलं की आपण थेट गिझरचा नळ सोडतो. गरम म्हणजे जास्त स्वच्छ, असं वाटतं.

तुमच्या आईने दुधाचं पातेलं रिकामं झाल्यावर काय केलं ते आठवा. ती आधी त्यात गार पाणी ओतून ठेवायची. दूध कडक तापलं की त्यातली काही प्रथिनं साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे रूप बदलतात आणि भांड्याला धरतात. पातेल्याच्या कडेला बसणारी खरवड असते, तीच गोष्ट बाटलीत इतक्या पातळ थरात होते की डोळ्याला दिसत नाही. कडकडीत पाण्याने ही प्रथिनं बाटलीवरच शिजतात. म्हणून पहिलं पाणी गार.

दुसरं मात्र गरमच हवं, कारण दुधात स्निग्धांशही असतो आणि तुपाचं भांडं काही गार पाण्याने निघत नाही. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात भांड्याचं लिक्विड दोन-तीन थेंब, आणि सगळे भाग त्यात पाच मिनिटं बुडवून मग ब्रश. शेवटी वाहत्या पाण्याखाली विसळणं, आणि मग उकळणं. गार, गरम साबणाचं, वाहतं, उकळतं, असा हा क्रम. यातलं मधलं काहीही गाळून थेट उकळलंत तर राहिलेल्या दुधाला तुम्ही भाजून पक्कं करताय.

आधीच पक्का झालेला थर काढायचा असेल तर जोराने घासू नका, प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचं दूध त्या ओरखड्यांतच बसतं. ग्लासभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून सगळे भाग दोन तास बुडवा. घासून, विसळून घ्या. त्यानंतर वेगळ्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा, परत विसळा, मग उकळा. सोडा स्निग्धांश आणि प्रथिनं सैल करतो, व्हिनेगर त्यांच्याबरोबर बसलेले दुधातले आणि पाण्यातले क्षार विरघळवतं. डेअऱ्यांमध्ये दुधाच्या नळ्या धुतानाही असाच सोड्याच्या जातीचा एक हात आणि आम्लाचा एक हात मारतात. दोन्ही एकत्र मात्र घालू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांची ताकद संपवतात आणि थर तसाच राहतो.

ब्रश आणि सिंक

ब्रशला वास घेऊन बघा. माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांमधली सर्वात घाणेरडी वस्तू बऱ्याचदा ब्रशच असते, कारण धुण्याचं साधन धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. बाटलीचा ब्रश फक्त बाटलीसाठी ठेवायचा, त्याने चहाची किटली घासायची नाही. वापरून झाला की दांडा खाली, केस वर असा उभा वाळवायचा. कपात उभा खोचून ठेवला तर तळाशी पाणी साठतं. आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यात टाका, केस वाकले की नवा घ्या. निपलसाठी छोटा ब्रश वेगळा लागतो, मोठा आत फिरत नाही.

बाटलीचे भाग सिंकमध्ये थेट ठेवू नका. त्याच सिंकमध्ये सकाळी बोंबील नाहीतर चिकन धुतलेलं असतं, भाजीची माती असते. एक प्लास्टिकचा टब किंवा स्टीलचा टोप बाळाच्या भांड्यांसाठी ठेवा आणि त्यातच धुवा. वन रूम किचनमध्ये जागेची अडचण असते, तरी एवढा टोप कुठेही बसतो. लिक्विड बिनवासाचं किंवा कमीत कमी वासाचं घ्या. सिलिकॉनचं निपल वास धरून ठेवतं, मग लिंबाच्या वासाचं दूध बाळाला का आवडावं?

उकळणं बरोबर होतंय का?

आता कुठे उकळण्याचा नंबर. मुंबई समुद्रसपाटीला आहे, पाणी इथे १०० अंशाला उकळतं. नीट धुतलेल्या बाटलीला पाच मिनिटं खळखळ उकळी पुरते, मी दहा धरते. वेळ उकळी फुटल्यापासून मोजायची, गॅस पेटवल्यापासून नाही. बाटल्या पूर्ण बुडल्या पाहिजेत आणि आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुड्याच्या जागी पाणी लागतच नाही. टोपाच्या तळाला सुती फडकं किंवा जाळी ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या बुडाला टेकणार नाही. निपलं शेवटच्या पाच मिनिटांत टाका. काचेची बाटली गार पाण्यात ठेवून पाण्याबरोबर तापवा, उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर तडकते.

प्रेशर कुकरमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या लावू नका. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. बाटलीचा आकार जरासा जरी बदलला तरी रिंग नीट बसत नाही, मग गळती सुरू होते आणि आट्यांत पुन्हा दूध.

विजेचा वाफेचा स्टरिलायझर असेल तर खालच्या तव्यावरचे तपकिरी डाग बघा. तो मुख्यतः करपलेल्या दुधाचा आणि क्षारांचा थर असतो. म्हणजे बाटल्या आत जाताना स्वच्छ नव्हत्या. व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घालून अर्धा तास ठेवा, पुसून घ्या, महिन्यातून एकदा तरी. पाणी पुस्तिकेत दिलंय तेवढंच मोजून घाला. झाकण उघडताना वाफ तोंडावर येते, रांगणारं मूल जवळ असेल तर आधी त्याला दूर करा. यूव्हीच्या पेट्याही हल्ली दिसतात. त्यांचा प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो, आट्यांच्या सावलीत नाही. धुण्याला पर्याय तोही नव्हे.

हे रोज किती दिवस करायचं? दोन महिन्यांच्या आतलं बाळ, दिवस पूर्ण भरायच्या आधी जन्मलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ, यांच्यासाठी दिवसातून एकदा तरी निर्जंतुक करणं सोडू नका. मोठ्या, निरोगी बाळाच्या बाबतीत प्रत्येक वेळी नीट धुणं हेच मुख्य. मी मात्र वर्षापर्यंत रोज एकदा करते. इथला पावसाळा आणि इथलं साठवलेलं पाणी बघता मला ते सोडवत नाही.

वाळतंय का?

जुलैत आपल्याकडे टॉवेल दोन दिवस ओला राहतो, तर निपलचं टोक कसं वाळेल? उकळलेली बाटली पुसायला आपण खांद्यावरचा नॅपकिन घेतो आणि केलेली मेहनत तिथेच वाया जाते, कारण ओल्या फडक्यात जंतू भरपूर असतात. पुसू नका. जोराने झटका, स्वच्छ जाळीवर उपडी ठेवा, वरून पातळ धुतलेलं मलमलचं कापड टाका. सिंकपासून दूर, कारण शिंतोडे उडतात. खिडकीपासूनही दूर, आमच्या बाजूला तर इमारतींची तोडफोड सतत चालू असते, धूळ आत येते.

पावसाळ्यात मी वाळण्याची वाट बघतच नाही. पाजायच्या थोडं आधी उकळते, हात साबणाने धुऊन चिमट्याने बाहेर काढते, झटकते, लगेच जोडून वापरते. उकळलेल्या पाण्याचे चार थेंब आत राहिले तर काही बिघडत नाही. अर्धवट ओली बाटली झाकण लावून रात्रभर ठेवली, तर सकाळी कुबट वास ठरलेला.

पांढरा थर जात नसेल तर

व्हिनेगरचा एक थेंब पांढऱ्या डागावर टाका, दहा मिनिटांनी बोटाने चोळा. निघाला तर क्षार. नाही निघाला, पण गरम साबणाच्या पाण्याने गेला, तर स्निग्धांश. दोन्हीने हलला नाही तर प्लास्टिकच थकलंय. क्षार असतील तर पाण्यात व्हिनेगर, किंवा अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा तास बुडवा. उकळायचं पाणी रोज नवं घ्या. काही घरांत कालच्याच पाण्यात भर घालून उकळतात. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात आणि रोज दाट होत जातात.

एवढं करूनही आठवड्यात थर परत आला, तर प्रश्न बाटलीचा नाही, टाकीचा आहे. महापालिकेचं पाणी येतं ते तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी या तलावांतून. हे पावसाचं साठलेलं पाणी, त्यात क्षार कमी. नुसत्या या पाण्याने बाटलीवर खरखरीत थर भराभर चढत नाही. चढत असेल तर सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मिसळतंय. आमच्या जवळच्या एका इमारतीतल्या तीन बाळांच्या बाटल्या एकाच महिन्यात पांढऱ्या पडल्या होत्या. तिघींच्या बाटल्या वेगवेगळ्या, साबण वेगळा, टाकी एक. सेक्रेटरींना विचारल्यावर कळलं की दाब कमी होता म्हणून महिनाभर टँकर येत होता. अशा वेळी बाळाच्या भांड्यांसाठी आणि दुधासाठी पिण्याचा वेगळा नळ असेल तर त्याचंच पाणी वापरा.

पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं, त्यालाही अर्थ आहे. पुरवठा बंद असताना नळांतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. थेट नळाचं पाणी भरत असाल तर पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं ते बादलीत धरून फरशीला वापरा, पिंप त्यानंतर भरा.

आता खर्चाचं: बदलायचं काय?

निपल दर दोन-तीन महिन्यांनी बदला, आणि चिकट वाटलं, टोक ओढल्यावर भेग दिसली किंवा दूध धारेने यायला लागलं तर त्याच दिवशी. लेटेक्सचं लवकर फुगतं, सिलिकॉनचं टिकतं. सुई तापवून निपलचं भोक मोठं करायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. कृपा करून करू नका. भोकाच्या फाटक्या कडांत दूध अडकतं, आणि धार जोरात आल्याने बाळाला ठसका लागतो. हे बहुतेक वेळा नाचणीचं सत्त्व बाटलीतून पाजायला केलेलं असतं. सत्त्वाची खळ व्हॉल्व्हमध्ये बसली की निघता निघत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर नाचणी जरूर द्या, पण वाटीतून, चमच्याने.

ओरखडे पडलेली, धुरकट झालेली बाटली टाकून द्या. नवी घेताना आयएसआयचा शिक्का बघा, प्लास्टिकच्या दुधाच्या बाटलीसाठी आयएस १४६२५ हे मानक आहे. जुन्या, काचेसारख्या पारदर्शक आणि टणक पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या एखाद्या घरात मोठ्या भावंडाच्या म्हणून जपून ठेवलेल्या असतात. त्यात बीपीए नावाचं, बाळाला घातक ठरू शकणारं रसायन असतं, त्या धाकट्याला देऊ नका.

पावडरचं दूध देत असाल तर बाटली कितीही स्वच्छ केली तरी पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो, तान्ह्या बाळाला तो फार धोक्याचा. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली उतरायच्या आधी, त्यात पावडर घालायची आणि मग बाटली बाहेरून नळाखाली धरून दूध कोमट करायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघितल्याशिवाय पाजू नका. कोमट पाण्यात पावडर ढवळण्याची सवय सोपी आहे, पण ती सोडायला हवी.

आणि बाटलीच नको, असंही करता येतं. माझ्याकडच्या दोन बाळांना मी वाटी-चमच्यानेच दूध देते, एकाला त्याच्या पणजीच्या चांदीच्या बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने. बोंडल्याला ना आटे, ना व्हॉल्व्ह, ना निपल. एका हाताने धुता येतं, डोळ्याला सगळं दिसतं, टोपात टाकलं की उकळून निघतं. पहिले चार दिवस सांडतं, पाचव्या दिवशी बाळ शिकतं. अंगावरचं दूध कमी पडतंय या धास्तीने बाटली आणली असेल, तर आधी स्तनपान सल्लागाराला भेटा, मोठ्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, या कामाची मुंबईला जुनी सवय आहे. आणि १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या पावडरची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे. दुकानात कोणी आग्रहाने गळ्यात मारत असेल तर नाही म्हणायला संकोचू नका.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

नळाचं पाणी गढूळ आहे आणि त्याला गटाराचा वास आहे, तर ते उकळून बाटल्यांना वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, मिसळलेलं बाकी काही जात नाही. सोसायटीला कळवा, महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि तोवर बाळापुरतं बाहेरचं सीलबंद पाणी आणून तेही उकळा. टाकी सहा महिन्यांत धुतली नसेल तर ती धुवून घेणं हे टाकी साफ करणाऱ्या माणसांचं काम आहे, स्वतः टाकीत उतरू नका.

स्टरिलायझरला करपल्याचा वास येतो, झटका बसतो किंवा तो लावला की एमसीबी पडते, तर प्लग काढा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. घरी उघडू नका. तोवर टोप आणि गॅस आहेच.

बाळाच्या तोंडात, जिभेवर पांढरे चट्टे आहेत आणि ओल्या कापडाने पुसून जात नाहीत, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. बाळाला औषध आणि आईच्या स्तनाग्रांनाही उपचार लागू शकतात. नुसती निपलं उकळून ते बरं होत नाही, आणि निपलं न उकळता नुसतं औषध दिलं तर परत होतं. दोन्ही एकदम करावं लागतं, आणि औषध कोणतं ते डॉक्टरच सांगतील.

जुलाबांच्या बाबतीत बाटलीचा विचार नंतर करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, शौचात रक्त, हिरवी उलटी, सहा तास लंगोट कोरडा, टाळू किंवा डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, बाळ मलूल आणि दूध ओढत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अंगावरचं दूध वाटेतही चालू ठेवा, ओआरएस कधी आणि किती ते डॉक्टरांना फोनवर विचारा. निघताना न धुतलेली बाटली आणि पावडरचा डबा पिशवीत टाका. दूध कसं, किती पाण्यात बनवलं आणि किती वेळ बाहेर होतं, हे डॉक्टर विचारतातच.